येतो हं

संक्रांतीच्या सकाळी आम्ही दोघांनी मिळून आमच्या लेकीला फसवलं.

आदल्या रात्री बेत ठरला होता. मी तिला कडेवर घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभं राहायचं, उतारावरून पिवळी गाडी खाली येताना दिसली की ‘ती बघ झुकझुक’ म्हणायचं, आणि तेवढ्यात बायकोनं बूट हातात घेऊन पाय न वाजवता दाराबाहेर पडायचं. तारीख १४ जानेवारी २०२५. लेकीचा पहिला वाढदिवस होता, आणि वर्षभराच्या रजेनंतर बायकोचा कामावरचा पहिला दिवस. गाडी वेळेवर आली, लेक टाळ्या वाजवत राहिली, दार लागल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

गाडी दिसेनाशी झाल्यावर लेकीनं वळून पाहिलं. मग ती खाली उतरली आणि आईला शोधायला लागली. न्हाणीघरात, पडद्यामागे, कपड्यांच्या कपाटात, जेवणाच्या टेबलाखाली. रडली नाही, नुसती शोधत राहिली. दुपारी झोपून उठल्यावर पुन्हा पहिल्यापासून तोच फेरा, त्याच क्रमानं. संध्याकाळी पाच वाजता, जानेवारीतला अंधार बाहेर पडत असताना, ती दाराला कपाळ टेकवून उभी होती.

त्या दिवशी मला आमच्या बेतात काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडे असंच तर करतात. मूल रडू नये म्हणून त्याला मांजर दाखवायचं, चिऊ दाखवायची, हातात खाऊ द्यायचा आणि नजर चुकवून निघायचं. मलाही लहानपणी असंच सोडून जात.

आम्ही जर्मनीत स्टुटगार्टला राहतो. हे शहर वाडग्यासारख्या खोलगट दरीत आहे. चहूबाजूंच्या उतारांवर वस्ती, आणि चढउतारासाठी चारशेहून अधिक दगडी जिने. खिडकीतून दिसणारी ती पिवळी गाडी म्हणजे दातेरी रुळांवरून डोंगर चढणारी जुनी रेल्वे. ती १८८४ पासून चालू आहे, आता मारीनप्लात्सपासून डेगरलोखपर्यंत चढते आणि उतरते. मी गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात चाचणी विभागात आहे, बायको एका प्रयोगशाळेत. दोघांची घरं साताऱ्यात.

आमच्या लेकीचा जन्म १४ जानेवारी २०२४ चा, त्या वर्षीच्या संक्रांतीच्या आदल्या दिवशीचा. माझी आई बाळंतपणासाठी डिसेंबरात आली होती. डिंकाचे लाडू, आळीव, शेक-शेगडीच्या जागी गरम पाण्याची पिशवी, सगळं तिनं निगुतीनं केलं. पण इथल्या पाहुण्या व्हिसाचा हिशेब पक्का असतो, १८० दिवसांत ९० दिवस. मार्चच्या मध्यावर आम्ही तिला विमानतळावर सोडून आलो. तोपर्यंत लेक तिच्याच मांडीवर न्हायची आणि तिच्याच पायावर झोपायची. आई गेल्यावर पहिल्यांदा घरात किती काम होतं हे दिसलं. म्हणजे बायकोला दिसलं. मी सकाळी सहाला निघून संध्याकाळी यायचो, बाळाला तासभर खेळवायचो, आणि स्वतःला चांगला बाप समजायचो.

माझी रजा त्याच्या पुढच्या वर्षीची. जर्मनीत आई आणि बाप दोघांनाही, प्रत्येकी तीन वर्षांपर्यंत, नोकरी राखून रजा घेता येते. तिला ‘एल्टर्नत्साइट’ म्हणतात, पालकांचा काळ. त्यात पगार बंद होतो. त्याच्या जागी सरकारकडून भत्ता मिळतो, बहुतेकांना हातात पडणाऱ्या पगाराच्या ६५ टक्क्यांच्या आसपास, मात्र पगार कितीही असला तरी महिन्याला १,८०० युरोंच्या वर नाही. एकाच पालकानं घेतला तर हा भत्ता बारा महिने मिळतो, दुसऱ्यानंही निदान दोन महिने घेतले तर चौदा. २००७ पासूनची ही व्यवस्था आहे, आणि हे शेवटचे दोन महिने मुख्यतः बापाला घरी आणण्यासाठीच ठेवलेत. भाडं, विमा आणि किराणा मांडून पाहिलं तर दोन महिने ओढाताणीत निभणार होते. आम्ही ठरवलं, घ्यायचे.

अर्जातच माझी दोनदा गफलत झाली. मी रजेची ईमेल पाठवून मोकळा झालो. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं सहज विचारलं, ‘कागदावर सही करून दिलंस ना?’ आमच्या वेळी ईमेलला कायद्यात किंमत नव्हती. रजेच्या निदान सात आठवडे आधी सहीचा कागद कचेरीत पोचायला हवा होता. शिवाय मी ‘जानेवारी आणि फेब्रुवारी’ असे कॅलेंडरचे महिने लिहिले होते. भत्त्यासाठी बाळाचे महिने धरतात, जन्मतारखेपासून मोजलेले. आमचे तेरावा आणि चौदावा महिना म्हणजे १४ जानेवारी ते १३ मार्च. त्या सहकाऱ्यानं सांगितलं नसतं तर सगळंच विस्कटलं असतं. त्याला स्वतःला तीन मुलं आहेत. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

साताऱ्याच्या घरी बातमी कळल्यावर आईनं फोनवर हळूच विचारलं, ‘अरे, नोकरीचं सगळं नीट आहे ना?’ मी समजावलं. ती म्हणाली, ‘मग तू दोन महिने घरात करणार काय?’

पहिल्या आठवड्यात या प्रश्नाचं उत्तर मलाही देता आलं नसतं. दिवस संपायचा तेव्हा मी थकून भुईसपाट झालेला असायचो, आणि काय केलं म्हणून विचारलं तर सांगण्यासारखं काहीच नसायचं. गुरगुट्या भात शिजवला, त्यावर तूप आणि मेतकूट घातलं, तिनं चार घास खाल्ले, पाचवा भिंतीवर. तिला झोप आली आहे हे मला ती रडून लाल झाल्यावर कळायचं. बायकोला म्हणे डावा कान चोळायला लागली की कळतं. मी तिला पहिल्याच दिवशी अकरा फोन केले. औषधाची पांढरी बाटली कुठे, लोकरी टोपी कुठली, दूध आधी की झोप आधी? शेवटच्या फोनला ती बैठकीतून बाहेर येऊन म्हणाली, ‘अरे, मलाही कुणी सांगितलं नव्हतं. तिच्याकडे बघत राहा, कळेल.’

हे ती रागानं म्हणाली नव्हती. पण वर्षभर ती हे सगळं माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांदेखत एकटीनं शिकत होती आणि मी विचारलंही नव्हतं, हे मला त्या वाक्यानं लागलं. अजून लागतं.

बघत राहिलो. तिसऱ्या आठवड्यात कान चोळण्याच्याही आधीची खूण मला सापडली. तिची नजर एका जागी थबकते आणि खालचा ओठ किंचित पुढे येतो. ही बायकोलाही ठाऊक नव्हती. तिला सांगितल्यावर तिनं त्या रात्री ती स्वतः पाहिली आणि माझा हात दाबला.

३ फेब्रुवारीला किटा सुरू झालं. किटा म्हणजे इथलं पाळणाघर आणि बालवाडी एकत्र. वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला तिथे जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क १ ऑगस्ट २०१३ पासून आहे, पण जागा कमी आणि मुलं जास्त. लेक पोटात असतानाच आम्ही नाव घालून ठेवलं होतं. गोवराची लस टोचल्याचा दाखला दिल्याशिवाय प्रवेश नाही, तोही घेतला. घरात घालायचे मऊ बूट, चिखलात खेळायची रबरी विजार, बदलायचे कपडे, सगळ्यावर नाव. मला वाटलं, झालं. सोमवारी सकाळी नेऊन सोडायचं आणि दुपारी आणायचं.

गटाच्या बाईंनी पहिल्या भेटीत सांगितलं की निदान दोन-तीन आठवडे लागतील, आणि त्या काळात मी हाकेच्या अंतरावर असलं पाहिजे. इथे त्यांना नावानंच हाक मारायची रीत आहे, पण मनात मी त्यांना ताईच म्हणायचो. या काळाला जर्मनमध्ये शब्द आहे ‘आइनगेव्योनुंग’. मराठीत त्याला रुळणं म्हणावं, नवी सून घरात रुळते तसं. रुळवण्याची ही पद्धत बर्लिनमध्ये १९८० च्या दशकात बसवली गेली. पहिले तीन दिवस बापानं किंवा आईनं मुलासोबत तिथे तासभर बसायचं आणि दोघांनी मिळून घरी जायचं. या तीन दिवसांत सोडून जायचं नाही. चौथ्या दिवशी पहिल्यांदा, थोडाच वेळ. तो चौथा दिवस सोमवारी मात्र येऊ द्यायचा नाही, कारण दोन दिवस घरी राहिलेलं मूल त्या दिवशी आधीच बिथरलेलं असतं. मूल सावरलं तर वेळ वाढवत न्यायचा, नाही सावरलं तर आणखी काही दिवस थांबायचं.

मला हे अती वाटलं. आमच्या वाड्यात मुलं शेजारच्या काकूंच्या ओसरीवर सोडत आणि ती वाढत. मग आठवलं, त्या काकूंना आम्ही जन्मल्यापासून ओळखत होतो. इथे माझी लेक या खोलीतल्या एकाही माणसाला, एकाही शब्दाला ओळखत नव्हती.

दाराशी बूट काढायचे, तिच्या पायात मऊ बूट चढवायचे आणि मोज्यांवर आत जायचं. माझी जागा कोपऱ्यातल्या एका बुटक्या खुर्चीवर. ताईंनी सांगितलं होतं, ‘तुम्ही तिला खेळवू नका, पुढे ढकलू नका, इतर मुलांशीही खेळू नका. ती आली तर घ्या, गेली तर जाऊ द्या. तुम्ही फक्त असा.’

फक्त असणं इतकं कठीण असेल असं वाटलं नव्हतं. दहा मिनिटांत माझा हात खिशातल्या फोनकडे गेला. मी रजेवर होतो खरा, पण पुण्याच्या चमूचे निरोप यायचे आणि मी लपून उत्तरं द्यायचो, घरीसुद्धा, लेक खेळात असताना. तेव्हा ती चारेक पावलं दूर, लाकडी ठोकळ्यांपाशी पोचली होती. मी पडद्याकडे पाहिलं आणि काही क्षणांत ती परत माझ्या गुडघ्याशी. फोन खिशात गेल्यावर थोड्या वेळानं ती पुन्हा निघाली. मी पुन्हा फोन काढला, ती पुन्हा परत. तिसऱ्यांदा मी मुद्दाम पाहिलं, खरंच असं होतंय का म्हणून. तसंच झालं. मी हललो नव्हतो, खुर्चीवरच होतो, तरी मी निघून गेलोय हे तिला खोलीच्या त्या टोकाहून कळत होतं.

दुसऱ्या दिवशी फोन बाहेर जाकिटात ठेवला. त्या दिवशी ती ठोकळ्यांपर्यंत पोचली, एकावर एक दोन ठेवले, वळून माझ्याकडे पाहिलं, आणि तिसरा ठेवला.

गुरुवारी, ६ तारखेला, चौथा दिवस. ताईंनी बजावलं होतं की तिच्या समोर जाऊन, तिच्या डोळ्यांत बघून निरोप घ्यायचा, थोडक्यात, आणि मग रेंगाळायचं नाही. मी उकिडवा बसलो आणि तोंडातून आपोआप निघालं, ‘बाबा येतो हं.’ उठलो, बाहेर आलो, दार लावलं आणि बूट घातले.

आतून तिचा आवाज आला. मी मुलांच्या कोटांच्या खुंट्यांसमोर उभा होतो. खुंट्यांवरची नावं आणि चित्रं वाचत होतो, बदक, सफरचंद, होडी. हात थरथरत होते. मग रडणं थांबलं, आणि ते थांबलं हे मला जास्त सोसवेना. सहा मिनिटांनी मला आत बोलावलं. ती ताईंच्या मांडीवर होती. मला पाहताच तोंड वेडंवाकडं करून पुन्हा रडली आणि माझ्याकडे झेपावली. ताई म्हणाल्या, ‘हे चांगलं आहे. रडायचं ते माणूस परत आल्यावर त्याच्यापाशी.’

मग त्यांनी विचारलं, ‘जाताना तुम्ही काय म्हणालात?’ मी सांगितलं की आमच्या भाषेत निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ते अशुभ धरतात. पाय बाहेर टाकतानाही ‘येतो’च म्हणायचं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. नंतर त्यांनी ते एका कार्डावर त्यांच्या लिपीत लिहून घेतलं आणि आमच्या लेकीच्या खुंटीवर चिकटवलं, दुसऱ्या ताईंनाही कळावं म्हणून.

पुढच्या आठवड्यात वेळ अर्ध्या तासावर गेला. बुधवारी ती पाण्याच्या परातीपाशी होती, एका वाटीतून दुसऱ्या वाटीत पाणी ओतत, अगदी रंगून. मला वाटलं, आज रडवायचं कशाला? मी हळूच उठलो. हात दाराच्या मुठीवर होता. ताईंनी मागून माझ्या कोपराला स्पर्श केला आणि हळू आवाजात म्हणाल्या, ‘असं गेलात तर उद्यापासून ती पाण्याकडे बघणार नाही. दाराकडेच बघत बसेल.’

न्हाणीघर, पडदा, कपाट, टेबलाखालची जागा, सगळं माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी परत गेलो, तिच्या शेजारी बसलो, म्हटलं, ‘बाबा येतो हं.’ तिनं वाटी टाकली आणि रडली. मी निघालो.

संध्याकाळी बायकोला हे सांगितलं. त्या दातेरी गाडीत आम्ही दोघं समोरासमोर उभे होतो, मधे लेकीची ढकलगाडी. संक्रांतीच्या दिवशी याच गाडीकडे बोट दाखवून मी लेकीला भुलवलं होतं. बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली, ‘मी त्या दिवशी जिन्यात बसून बूट घातले. मला वाटलं, मी तिची चोरी करून चाललेय.’ तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिनं ते पुसलं नाही.

त्यानंतर घरात कुणीही नजर चुकवून निघेनासं झालं. अगदी कचरा टाकायला खाली जायचं तरी सांगून. पहिले काही दिवस रडारड वाढली, खोटं कशाला सांगू. सकाळी दहा मिनिटं जास्त लागायला लागली. मग ती आमच्या पायांकडे बघायला शिकली. पायात बूट म्हणजे जाणार. मोजे म्हणजे इथेच आहे. ती रांगत येऊन माझे पाय तपासायची आणि मोजे दिसले की निश्चिंत होऊन खेळायला जायची.

तिसऱ्या आठवड्यात ताप, नाक, खोकला, सगळं एकदम आलं. ताप उतरून चोवीस तास झाल्याशिवाय किटात पाठवायचं नाही. पाच दिवस घरी. सगळे आईबाप सांगतात, पहिलं वर्ष असंच जातं. त्यासाठी सध्या दोघांना प्रत्येकी वर्षाला पंधरा दिवस मूल आजारी असल्याची रजा मिळते, पगाराच्या मोठ्या भागाच्या भरपाईसह. कोणता दिवस कुणी घ्यायचा याची वही आम्ही तेव्हाच घातली. बऱ्या झालेल्या लेकीला घेऊन गेलो तेव्हा दोन पावलं मागे जाऊन पुन्हा सुरुवात करावी लागली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ती दुपारी तिथेच झोपली.

रजा संपण्याच्या आदल्या रविवारी मी बाबांना फोन केला. बाबा पाटबंधारे खात्यात होते. त्यांची बदली पाटणला, आम्ही साताऱ्यात. सोमवारी पहाटे पहिल्या एसटीनं जायचे, शनिवारी रात्री यायचे. रविवारी रात्री मी त्यांच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून झोपायचो. सकाळी मूठ रिकामी आणि उशीखाली लिमलेटची गोळी. ती गोळी मला आजही खाववत नाही.

मी विचारलं, ‘बाबा, तुम्ही मला न उठवता का निघून जायचात?’

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं फोन तुटला. मग म्हणाले, ‘तुझी आई म्हणायची उठव म्हणून. एकदा उठवलंही. तू पाच वर्षांचा होतास. पायाला मिठी मारून बसलास, सुटेनास. एसटी चुकली. त्या दिवसाची बिनपगारी पडली. मग नाही उठवलं पुन्हा.’ थोड्या वेळानं म्हणाले, ‘स्टँडवर पोचेपर्यंत मला मागून तुझा आवाज येतोय असं वाटत राहायचं. तू झोपलेला असायचास तरी.’

त्यांना मी काही बोलू शकलो नाही. त्यांच्या पहिल्या गाडीनंतरची गाडी त्यांच्या कामाच्या वेळेत पोचत नव्हती. माझं तसं नाही. आमच्या उद्योगात आठवड्याला ३५ तास काम, आणि कचेरीत सकाळी नऊ ते दुपारी तीन हजर असलं की बाकीचे तास पुढेमागे करता येतात. मी वर्षानुवर्षं सहाला निघत आलो कारण लवकर जाऊन लवकर सुटायची सवय. रजेनंतरही तेच ठरलं होतं. मी सहाला निघायचं, बायकोनं आठला लेकीला सोडायचं, मी तिला सव्वातीनला आणायचं. पण लेक उठते साडेसहाला.

सातला निघालो तर तिला भेटून निघता येईल, पण मग ती किटात पाऊण तास जास्त राहील. चौदा महिन्यांच्या मुलीसाठी पाऊण तास थोडा नाही. आम्ही दोघं तीन रात्री यावर बोललो. बायकोचं म्हणणं, दुपारचा पाऊण तास तुझ्याजवळ मिळाला तर तो जास्त मोलाचा. तिचं चूक नव्हतं. मलाही माझ्या बाजूनं पटवण्यासारखं काही सापडेना, फक्त ती मूठ आठवत होती. शेवटी ती म्हणाली, ‘महिनाभर तुझ्या म्हणण्यानं करून बघू.’

१४ मार्चला, शुक्रवारी, मी कामावर गेलो. सातला पाच कमी होते. लेक नुकतीच उठलेली, केस विस्कटलेले, गालावर उशीची वळी. ती माझ्या पायांपाशी आली आणि मोजे पाहून गेली. मी तिला जवळ घेतलं, तिच्यासमोर बसलो आणि म्हटलं, ‘बाबा येतो हं.’ तिचा खालचा ओठ पुढे आला. मी वाट पाहत होतो. ती वळली, दाराजवळच्या फळीपाशी गेली, माझा एक बूट दोन्ही हातांनी ओढत आणला आणि माझ्या पायाशी ठेवला. मग दुसरा आणायला गेली.